डिटेक्टरचा आकडा कोणी ठरवायचा?

मेटल डिटेक्टरवर सेन्सिटिव्हिटीचं एक बटण असतं. ते कुठवर न्यावं यावर माझा भाऊ आणि आमचे मामा यांचं पटत नाही. मामा बॉम्बे सॅपर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. खडकीला शिकले आणि २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमनंतर पश्चिम सीमेवर पेरलेले सुरुंग काढायच्या कामावर होते. दादा इंग्लंडात, सफक परगण्यात राहतो. जमीनमालकाची परवानगी असेल तर तिथे नांगरलेल्या शेतात डिटेक्टर फिरवणं कायदेशीर आहे. पीक निघालं की सुट्टीच्या दिवशी तो जुनी नाणी शोधत हिंडतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या ऑक्टोबरात मामा आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. शेताच्या बांधावर उभं राहून या दोघांचं जे बोलणं झालं ते मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून इथे देते आहे. मधे मधे मीही बोलले आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

दादा : मामा, माझ्या यंत्रावर आकडा पंचवीसपर्यंत जातो. मग मी वीसवर का थांबू? पैसे पंचवीसचे मोजलेत ना?

मामा : कंपनीतून येतं तेव्हा आकडा किती असतो?

दादा : माझ्या या इक्विनॉक्स यंत्राला वीस.

मामा : मग पंचवीसवर लावून पाठवायला त्यांना कोणी अडवलं होतं?

दादा : ते नवशिक्यांसाठी आहे. यंत्र कुरकुरलं की नवशिका बिचकतो. मला आता कळतं. खरखर वेगळी, खिळ्याचा तुटका आवाज वेगळा आणि चांदीचा गोल आवाज वेगळा. या शेतात माझ्या आधी कितीतरी जण फिरून गेलेत. वरवरचं होतं ते त्यांनी नेलं. आता उरलंय ते खोल आणि बारीक. मध्ययुगातली चांदीची पेनी अंगठ्याच्या नखाएवढी असते, दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. ती आठ इंचांवर आडवी पडलेली नसली, कडेवर उभी असली, तर कुजबुजल्यासारखा आवाज येणार. वीसवर तो येणारच नाही.

मामा : आणि पंचवीसवर येतो?

दादा : येतो. खरखरीत बुडालेला असतो, पण येतो.

मामा : बुडालेला असतो तर तो नाण्याचाच आहे हे तू कशावरून म्हणतोस?

दादा : खणून बघतो.

मामा : आणि निघालं नाही तर?

दादा : तर खड्डा बुजवतो आणि पुढे जातो. मामा, माझ्या पायाखाली सुरुंग नाही. माझा चुकीचा खड्डा म्हणजे दोन मिनिटं गेली, एवढंच.

इथे मला राहवलं नाही. आकडा चढवला की खोली त्याच प्रमाणात वाढते, असं दादा धरून चालला होता. तसं होत नाही.

मी : दादा, हिशोब बघ. कॉइलमधून निघालेलं चुंबकी क्षेत्र दूरवर अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. त्यामुळे नाण्यात जे प्रवाह उठतात, त्यांचं क्षेत्र परत वर येताना पुन्हा तसंच क्षीण होतं. म्हणजे लहान वस्तू कॉइलपासून लांब असली की तिचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातानं उतरतो. उलट बाजूनं मांडलं तर सेन्सिटिव्हिटी दुप्पट केलीस की खोली वाढते जेमतेम १२ टक्के. तुझी कॉइल अकरा इंची आणि नाणं आठ इंचांवर असेल तर अंतर कॉइलच्या मानानं फार नाही, म्हणून थोडं जास्त मिळेल. तरी आठाचे साडेनऊच्या आतच राहतात. आणि बाहेरची खरखर मात्र पुरती दुप्पट होते.

दादा : इंच-सव्वा इंच म्हणजे कमी आहे का? त्या इंचातच सगळं असतं.

मामा : इथला नांगर किती खोल जातो?

दादा : आठ-दहा इंच.

मामा : त्याच्याखाली खणायची मुभा आहे तुला?

दादा थोडा थांबला. तो खोटं बोलत नाही, म्हणून उत्तर त्याच्या विरोधात जाणारं असूनही त्यानं ते पूर्ण दिलं.

दादा : कायद्यानं थेट मनाई नाही. पण इंग्लंड आणि वेल्ससाठी जबाबदार शोधाची एक आचारसंहिता आहे. नांगरटीच्या खोलीच्या आत राहा, असं तिच्यात म्हटलंय. वरची माती दरवर्षी उलटीपालटी होते, त्यामुळे तिथल्या वस्तूची मूळ जागा मोडलेलीच असते. खालचा थर न हललेला असतो. कुठली वस्तू कशाशेजारी होती हे तिथेच कळतं, आणि आपण फावडं घातलं की ते कायमचं जातं.

मामा : मग तुला ज्या इंचाची एवढी ओढ आहे, तो तुझा नाहीच.

दादा : हे मान्य आहे. पण मामा, खाली काही मोठं असेल तर ते आहे एवढं तरी कळायला हवं. १९९२ साली इथून जवळच हॉक्सनला एरिक लॉज नावाच्या माणसाला रोमन काळातला साठा सापडला. सुमारे १५,००० नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. तो शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेला होता. नाणी दिसायला लागल्यावर त्यानं सगळं उपसत बसण्याऐवजी खणणं थांबवून कळवलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी साठा जागेवरून नीट उचलला. ज्या लाकडी पेटीत तो ठेवला होता, तिच्या खुणासुद्धा त्यामुळे मिळाल्या.

मी : तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मामा : चांगलं केलं त्या माणसानं. पण एवढा साठा मातीखाली असेल तर तो काय पंचविसावरच बोलेल? तो अठरावरही ओरडून सांगेल. बारक्या नाण्यासाठीचा तुझा युक्तिवाद साठ्याला लावू नकोस.

या टप्प्यावर आम्ही शेतात उतरलो. गव्हाची धसकटं अर्धवट गाडली गेलेली, चिकणमातीची ओली ढेकळं आणि त्यांत गारगोटीचे तुकडे. एका कडेनं विजेचे खांब आणि पलीकडच्या कुरणात घोड्यांसाठी विजेचं कुंपण, आपल्याकडे शेतकरी झटका मशीन लावतात तसंच. दादानं हेडफोन काढून स्पीकर चालू केला. पंचवीसवर यंत्र थांबायला तयार नव्हतं. चटचट, कुईं, मधेच एक उंच सूर, पुन्हा चटचट. दादा आकडा खाली आणायला गेला, तर त्याला अडवलं कोणी? मामांनीच.

मामा : थांब. बटणाला हात लावू नकोस.

दादा : अहो, तुम्हीच तर मघापासून कमी कर म्हणताय!

मामा : कमी कर असं मी एकदाही म्हटलेलं नाही. आवाज कुठून येतोय ते आधी शोध. आकडा कमी केलास की सगळेच आवाज दबतात, नाण्याचासुद्धा. दुखणं कुठलं ते न बघता औषध द्यायचं नाही. कॉइल कमरेएवढी उचल. जमिनीपासून लांब, आडवी. हात हलवू नकोस.

दादानं कॉइल उचलून धरली. आवाज चालूच राहिले आणि त्यांतला एक टक्क साधारण सेकंदाच्या अंतरानं, घड्याळ लावल्यासारखा येत होता.

मामा : हात स्थिर आहे, माती लांब आहे, तरी आवाज आहे. म्हणजे हे हवेतून येतंय. तो टक्क कुंपणाचा. उरलेली खरखर विजेच्या तारांची नाहीतर तुझ्या खिशातल्या मोबाइलची. आता आहेस तिथेच गोल फिर.

दादा फिरला. तारांकडे तोंड केल्यावर खरखर वाढली, पाठ केल्यावर उतरली. त्यानं मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला आणि यंत्रातलं नॉइज कॅन्सल चालवलं. यंत्र स्वतःच्या वारंवारता किंचित इकडे-तिकडे सरकवून सगळ्यांत शांत जागा निवडतं. कुंपणाचा टक्क राहिला, बाकीचं बरंच गेलं. पंचविसाला अजूनही हात लागलेला नव्हता.

मामा : आता कॉइल खाली आण आणि झाडू मार. आवाज आता फक्त हलवताना येतोय का बघ. येत असेल तर तो मातीचा. ढेकळावर आपटली की येत असेल तर कॉइलचा नट नाहीतर दांड्यावर गुंडाळलेली केबल ढिली आहे. ही तीन दुखणी वेगळी, त्यांची औषधं वेगळी. आकड्याची पाळी शेवटी.

मातीचं औषध म्हणजे ग्राउंड बॅलन्स. मातीतली लोहखनिजंही कॉइलला उत्तर देतात आणि ते उत्तर बहुधा नाण्याच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठं असतं. पण त्याची वेळ वेगळी असते. पाठवलेल्या लहरीच्या मानानं मातीचं उत्तर एका ठराविक फरकानं येतं, धातूचं दुसऱ्या फरकानं. यंत्राला मातीचा फरक शिकवला की ते तेवढंच वजा करतं. त्यासाठी धातू नसलेली जागा शोधायची, कॉइल जमिनीला समांतर ठेवायची आणि खाली-वर, खाली-वर करायची. दादा हे सकाळी एकदा करून मोकळा झाला होता. मामांनी ते कुंपणाजवळच्या ओलसर भागात पुन्हा करायला लावलं, कारण तिथली माती वेगळी होती. दिवसभरात माती बदलली, पाऊस पडून गेला, उतारावरून सखलात आलो, की हे पुन्हा करायचं. आमच्या वादातली ही एकच गोष्ट दादानं तक्रार न करता उचलली.

एवढं झाल्यावर पंचवीसवरचं यंत्र आधीपेक्षा बरंच शहाण्यासारखं वागायला लागलं.

दादा : बघा! म्हणजे पंचवीस चालतं. दोष आकड्याचा नव्हताच.

मामा : चालतं की नाही ते तू आणि मी ठरवायचं नाही. नाणं आण एक.

दादाकडे जुनी चांदीची तीन पेन्सची नाणी होती. मामांनी त्यांतलं एक घेतलं, फावड्याच्या पात्यावर केलेल्या खुणेनं आठ इंच मोजलं, नाणं कडेवर तिरपं टेकवलं आणि माती दाबून भरली. मग दादाला पंचवीसवर कॉइल फिरवायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून ऐकत उभे राहिले. डावीकडून जाताना एक आवाज आला, उजवीकडून येताना आला नाही. पुढच्या फेरीत उजवीकडून आला, पण हातभर अलीकडे. मधे दोन आवाज असे आले की तिथे काहीच पुरलेलं नव्हतं. बाविसावर आवाज बारीक झाला, जागा सोडेना, पण काही फेऱ्यांना येईना. एकोणिसावर आणखी बारीक, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीला, दोन्ही बाजूंनी, त्याच ठिकाणी. सतराला तो गेला.

मामा : हा तुझा आजचा आकडा. एकोणीस. विसाला काय होतं ते बघून ठरव, पण सतरा नाही आणि पंचवीस नाही. उद्या दुसऱ्या शेतात दुसरा असेल.

दादा : पण मामा, पंचवीसवर तो आवाज मोठा होता.

मामा : मोठा होता, पण जागेवर नव्हता. तंबोरा लागलेला नसेल तर गवय्यानं आवाज चढवून उपयोग काय? मला आवाजाचा मोठेपणा नको. तोच आवाज त्याच जागी पुन्हा आला पाहिजे. पुन्हा येत नाही तो सिग्नल मी सिग्नल धरत नाही.

माझ्या मते त्या दुपारचा निकाल इथेच लागला. पण दादाचा पुढचा मुद्दा वजनदार होता आणि तो मला गाळायचा नाही.

दादा : तुमची चाचणी मला पटली. पण ताज्या खड्ड्यातली माती विस्कटलेली असते, तिच्यातून नाणं जसं ऐकू येतं तसं शेकडो वर्षं दबलेल्या मातीतून येईलच असं नाही. आणि दुसरं, तुम्हाला काय शोधायचंय ते तुम्हाला ठाऊक असतं. कोणत्या जातीचा सुरुंग, त्यात धातू किती, साधारण किती खोल. तुमचा टेस्ट पीस, म्हणजे यंत्र तपासायचा नमुना, त्यावरून बनतो. मला काय सापडणार ते मला माहीत नसतं. मी तीन पेन्सवर यंत्र लावलं आणि खाली त्याच्या चौथाई आकाराचा पेनीचा तुकडा असला तर? पूर्वी पेनी कापून तिचे तुकडे चलनात चालायचे. एकोणिसाला तो गेला माझ्या हातून.

मामा : जाईल. तुकड्यासाठी लावायचं असेल तर तुकडा पुरून लाव. पण काय शोधायचं ते माहीत नाही म्हणून सगळंच उघडं ठेवतो, हे नको. तसं केलंस की काय सुटलं हे तुला कधीच कळत नाही. आमच्याकडे माती बोलायला लागली आणि यंत्र खाली आणावं लागलं, तर आधी टेस्ट पीस ठरलेल्या खोलीवर ऐकून बघायचा. ऐकू आला तर पुढे. नाही आला तर त्या पट्ट्यात डिटेक्टरवर भरवसा ठेवायचा नाही. प्रॉडर, म्हणजे टोचायचा गज, घ्यायचा आणि गुडघ्यावर बसून तिरपा टोचत इंचाइंचानं जायचं. यंत्र शांत आहे याचा अर्थ जमीन साफ आहे असा नाही. यंत्र दोन कारणांनी शांत असतं. खाली काही नाही म्हणून, नाहीतर तुम्ही त्याचे कान झाकलेत म्हणून.

दादा : म्हणजे कमी करणंही धोक्याचंच.

मामा : मोजल्याशिवाय कमी करणं, मोजल्याशिवाय वाढवणं, दोन्ही सारखंच. माणसाचा कल कुठे झुकतो तेवढा फरक. छंदवाला वर झुकतो, कारण त्याला हाव असते. सुरुंगवाला कंटाळला की खाली झुकतो, कारण त्याला शांतता हवी असते. दोघांच्याही डोक्यावर टेस्ट पीस बसवून ठेवावा लागतो.

मी : आणि थकवा? दादा म्हणतो त्याला खरखरीतून निवडून ऐकता येतं. येत असेलही. पण किती वेळ?

दादा : आमचे लोक सहा-सहा तास फिरतात.

मामा : सहाव्या तासाला खरखरीतून काय निवडणार? सुरुंगाच्या पट्ट्यात माणूस ठरल्या वेळानं बदलतात. तो दमला असेल-नसेल, विचारत नाहीत. सतत आवाज ऐकणारा कान थोड्या वेळानं सगळ्याच आवाजाकडे काणाडोळा करायला लागतो, आणि ते त्याला कळत नाही.

दादा : बॉम्बे सॅपर्सचेच प्रेमिंद्रसिंग भगत होते ना? १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेत चार दिवस न थांबता काम करून ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं त्यांनी साफ केली. एका स्फोटात कानाचा पडदा फाटला तरी थांबले नाहीत.

मामा : त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते नाव पाठ असतं. म्हणूनच सांगतो, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्याच्या मापानं रोजच्या कामाचे नियम करत नाहीत. नियम माझ्यासारख्या दमणाऱ्या माणसासाठी असतात.

मी दोघांना ग्रॅहॅम बेलची गोष्ट सांगितली, कारण जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी हाच पेच पडला होता. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाल्या बेलनं दोन कॉइलांचा तोल साधून धातू ओळखणारं यंत्र त्यासाठी तयार केलं. पहिला प्रयत्न फसल्यावर त्यानं ते सुधारलं. दुसऱ्या वेळी बारीक आवाज आला, पण तो एका ठिकाणी येण्याऐवजी पसरट भागावर येत राहिला. नंतर कळलं की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. शिवाय गोळी शरीराच्या उजव्या बाजूला आहे असं डॉक्टर धरून बसले होते. ती होती डाव्या बाजूला, आणि खोल. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्राला ऐकू येत नव्हतं असं नाही. आजूबाजूचं लोखंड दूर करण्याआधी आणि बरोबर जागी लावण्याआधी ते चालवलं गेलं.

दादा : म्हणजे बेलनं कॉइल आधी कमरेएवढी उचलून बघायला हवी होती.

मामा : पलंग बदलायला हवा होता.

मग बोलणं आपल्याकडच्या जमिनीवर आलं, आणि इथे मी दादाशी थोडं रागानंच बोलले. कारण इंग्लंडातल्या शेतावर बनलेलं मत तो सगळ्या जगाला लावत होता.

दादा : आता दिवाळीत येईन तेव्हा यंत्र आणतो. कोकणात किनाऱ्यावर फिरवून बघू.

मी : तुझ्या पंचविसाची गंमत तिथे कळेल. सफकची चिकणमाती सौम्य आहे. तिच्यात लोहखनिज फार नाही, म्हणून तिनं तुझं चालवून घेतलं. आपला सगळा दख्खन काळ्या कातळाचा आहे, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीचं खनिज असतंच. कोकणातला जांभा त्याहून वाईट. तो तर लोहाच्या ऑक्साइडांनीच लाल झालेला. त्यातल्या काही अतिसूक्ष्म कणांचं उत्तर वारंवारतेनुसार बदलतं, त्यामुळे एकाच वारंवारतेवर चालणारं यंत्र तिथे गोंधळतं. सुरुंग काढणाऱ्यांना कंबोडिया-मोझांबिकच्या लाल मातीनं जे छळलं, ते हेच.

मामा : मी खडकीकडच्या मुरमाड माळावर शिकलो आणि पुढे राजस्थानच्या वाळूत काम केलं. शिकताना माळावर यंत्र सारखं भुंकायचं, वाळूत गेल्यावर वाटलं बिघडलं की काय, इतकं शांत. माती मोजायची आमची साधी रीत आहे. हवेत ठराविक अंतरावरचा टेस्ट पीस जेमतेम ऐकू येईल इतकं यंत्र लावायचं. मग कॉइल हळूहळू जमिनीकडे न्यायची आणि माती किती उंचीवरून बोलायला लागते ते बघायचं. जितक्या वरून बोलेल तितकी ती वाईट.

मी : आणि अशा मातीत आकडा चढवलास तर खोली वाढणं राहू दे, कमी होते. मातीचंच उत्तर इतकं मोठं येतं की यंत्राचा ग्राहक भाग भरून जातो. त्यावर नाण्याचं बारीकसं उत्तर उमटायला जागाच उरत नाही. आकडा खाली आणला, नाहीतर कॉइल बोटभर वर धरली, की मातीचा ताण उतरतो आणि नाणं दिसायला लागतं. कमी केल्यानं जास्त खोल जाता येतं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण ते असंच आहे.

दादा : मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र हे सगळं सांभाळून घेतं. खारी ओली वाळूसुद्धा.

मी : वाळू बऱ्यापैकी सांभाळतं, हे खरं. खाऱ्या पाण्यानं वाळू वीजवाहक होते आणि तिचं उत्तर खनिजाच्या उत्तरापेक्षा वेगळ्या वेळेचं असतं. एकाच वारंवारतेचं यंत्र दोन्ही एकदम वजा करू शकत नाही, अनेक वारंवारतांचं करू शकतं. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे आहेत, इल्मेनाइटचे. ओली खारी वाळू आणि मधेच काळा पट्टा, पावलागणिक दोन्ही बदलतात. तिथे तुला विसावर नाही, चौदा-पंधरावर उतरावं लागलं तर कमीपणा वाटून घेऊ नकोस.

मामा : आणि किनाऱ्यावरच राहा. किल्ल्यावर नेऊ नकोस.

दादा : तेवढं कळतं मला, मामा.

मामा : तुला कळतं. तुझे व्हिडिओ बघून इथली पोरं यंत्र घेतात, त्यांना कळतंच असं नाही.

निवाडा द्यायचा तर मी तो मामांच्या बाजूनं देते, पण दादाचं एक म्हणणं त्यात धरून. सौम्य मातीत, तारांपासून दूर, तयार कानाच्या माणसानं थोडा वेळ यंत्र वर चढवून पाहायला हरकत नाही. त्यात काही पाप नाही. पण दिवसभराचा आकडा तो असू शकत नाही. आधी हवेतला गोंगाट शोधायचा आणि घालवायचा, मग मातीचा तोल साधायचा आणि अगदी शेवटी सेन्सिटिव्हिटी. हा क्रम उलटा केला की पहिल्या दोन दुखण्यांची किंमत खोलीनं मोजावी लागते. आणि आकडा कोणता ते पुरलेल्या नाण्यानं सांगायचं. दोन्ही दिशांनी, त्याच जागी, पुन्हा पुन्हा ऐकू येईल असा जो सर्वांत वरचा आकडा, तोच त्या जागेचा. दुसऱ्या गावातल्या माणसाचा आकडा विचारून आपलं यंत्र लावण्यात काही अर्थ नाही, कारण त्याच्या आकड्यात त्याची माती आहे.

महाराष्ट्रात यंत्र घेतलेल्यांना किंवा घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. स्वतःच्या शेतात तुटलेला फाळ शोधा, आप्तांच्या अंगणात पडलेली अंगठी शोधा. त्या कामाला हे यंत्र फार उपयोगी आहे. पण इंग्लंडातली मोकळीक इथे आहे असं समजू नका. तिथेसुद्धा १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे खजिन्यात मोडणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. आपल्याकडे संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणता येत नाही, मग तो रायगड असो की गावाबाहेरचं पडकं देऊळ. आणि १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती स्वतःच्या शेतातली असली तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते.